लग्नाचा फोर-के व्हिडिओ लॅपटॉपवर अडकतोय? प्लेअर बदलायच्या आधी हे बघा

तुळशीचं लग्न झालं की लग्नाचा सीझन सुरू, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी घरोघरी एकच तक्रार. फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिला, मोबाईलवर व्हिडिओ झकास दिसतो, पण बाबांच्या लॅपटॉपवर लावला की आवाज पुढे पळतो आणि चित्र मंगलाष्टकांतच अडकून बसतं. मग कुणी म्हणतं प्लेअर बदल, कुणी म्हणतं कोडेक टाक, कुणी म्हणतं रॅम वाढव, शेवटी माणूस पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन लॅपटॉप फॉरमॅट करून आणतो आणि व्हिडिओ तरीही अडकतो तो अडकतोच. सोसायटीतले, नात्यातले असे बरेच लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेलेत, त्यामुळे मी ज्या क्रमाने बघते तो क्रम इथं लिहून ठेवतेय. बहुतेक सगळं विंडोजबद्दल आहे, मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी मध्ये दोन-चार ओळी आहेत.

आधीच सांगते, प्लेअर कुठला हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी फाईलमध्ये काय आहे ते बघायचं, मग तुमच्या चिपला ते झेपतं का, मग ड्रायव्हर (विंडोजला ती चिप नीट वापरू देणारं सॉफ्टवेअर), आणि मग प्लेअर. लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात, पाच प्लेअर टाकतात आणि पाचही अडकतात, कारण दोष प्लेअरचा नसतोच.

काय काय लागेल

- अडकणारी फाईल, पेनड्राइव्हवरून लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी केलेली
- मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर, फुकट आहे
- तुमच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव, नुसतं "आय फाईव्ह आहे" चालणार नाही
- विंडोजचा टास्क मॅनेजर, तो आहेच
- व्हीएलसी हा प्लेअर, आणि जमलं तर एमपीसी-एचसी किंवा एमपीव्ही
- शेवटचा उपाय म्हणून हँडब्रेक, हे व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीत बदलून देणारं सॉफ्टवेअर

यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या साईटवर आहात.

१. कसं अडकतंय ते आधी नीट बघा

"अडकतंय" म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चारही वेळा इलाज वेगळा.

आवाज व्यवस्थित चालू आहे, चित्र मात्र फोटोंच्या स्लाईडशोसारखं सरकतंय आणि पंखा जोरात फिरतोय, तर प्रोसेसरला डिकोडिंग, म्हणजे दाबून भरलेलं चित्र परत उलगडणं, झेपत नाहीये. सगळ्यात जास्त वेळा हेच असतं.

चित्र आणि आवाज दोन्ही थांबतायत, काही सेकंदांनी परत सुरू होतायत, तर फाईल वाचण्यातच अडचण आहे. पेनड्राइव्ह, जुनी हार्ड डिस्क, वायफाय यातलं काहीतरी. थोडा हिशेब करा, १०० एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तेही सलग वाचायला हवेत. कमी किमतीचा पेनड्राइव्ह, तो जुन्या यूएसबी हबमध्ये, त्याच हबला माऊस आणि प्रिंटर, मग काय होणार. फाईल डिस्कवर कॉपी करून लावा, चालली तर विषय संपला, पुढचं वाचायचीही गरज नाही.

काळा किंवा हिरवा पडदा आणि नुसता आवाज, तर एकतर डिकोडर नाही किंवा ड्रायव्हरची गडबड.

चौथा प्रकार लोकांना पटकन कळत नाही. एरवी सगळं ठीक, पण ड्रोन हळूहळू कार्यालयावरून फिरतो किंवा कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळतो तेव्हा बारीक बारीक हिसके बसतात. प्रोसेसर थंड, पंखा शांत. हा डिकोडिंगचा दोष नाही. आपल्याकडे बरेच फोटोग्राफर पाल या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात, आणि लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होतो. ६० ला २५ ने भाग पूर्ण जात नाही, म्हणून काही फ्रेम दोन रिफ्रेशभर थांबतात आणि काही तीन, आणि डोळ्याला तो हिसका जाणवतो. एचडीएमआयने टीव्ही लावला असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करून बघा, बहुतेक टीव्हींना तो चालतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला ५० चा पर्याय नसेल तर मात्र तेवढा हिसका सोसायचा, त्यासाठी नवीन लॅपटॉप घेऊ नका.

२. फाईलमध्ये नेमकं काय आहे ते बघा

फाईलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय असं जे असतं ते नुसतं बाहेरचं कव्हर. आतमध्ये चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते कोडेक. पिशवी चितळ्यांची असली म्हणून आत बाकरवडीच असेल असं नाही, आमच्याकडे तिच्यात लाईटबिलं असतात. त्यामुळे "माझ्याकडे एमपी४ चालतं, हे का नाही" या प्रश्नाला काही अर्थच नाही, एका एमपी४ मध्ये एच.२६४ असेल आणि दुसऱ्यात एच.२६५.

मीडियाइन्फो टाका, फाईल त्याच्यात ओढून सोडा, आणि व्हिडिओच्या खाली एवढ्याच गोष्टी बघा.

फॉरमॅट: एव्हीसी म्हणजे एच.२६४. २००३ चं स्टँडर्ड आहे, आज चालू असलेलं जवळपास प्रत्येक मशीन हे खातं. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५, २०१३ चं, तेवढीच क्वालिटी बऱ्याच कमी साईझमध्ये बसवतं पण डिकोड करायला जड. व्हीपी९ गुगलचं, तेही २०१३ चं, यूट्यूबवर भेटतं. एव्ही१ २०१८ चं, साईझ अजून कमी, मेहनत अजून जास्त.

बिट डेप्थ, म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक नोंदवल्यात: ८ की १०. इथं भरपूर लोक फसतात. एचईव्हीसी ८-बिट चालवणारा लॅपटॉप १०-बिटला माती खाऊ शकतो, बाहेरून दोन्ही फाईली सारख्याच दिसतात.

क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती गाळलीय: ४:२:० असेल तर काळजी नाही. ४:२:२ दिसलं तर फोटोग्राफरने तुम्हाला एडिट केलेला व्हिडिओ नाही, कॅमेऱ्यातली कच्ची फाईल दिलीय. ती भल्याभल्या ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरमध्ये डिकोड करता येत नाही. अशी फाईल बघण्यासाठी नसते, एडिटिंगसाठी असते.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं): हे फाईल किती जड आहे ते सांगतात. विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ लक्ष्मी रोडवर फोर-के ६० फ्रेमवर काढलेला असेल तर बघायलाच नको, ढोल-ताशा पथक, हलणारे ध्वज, उधळलेला गुलाल, मागे हजारो डोकी. पडद्यावरची प्रत्येक गोष्ट प्रत्येक फ्रेमला बदलतेय, दाबायला जागाच नाही, त्यामुळे कॅमेरा एकतर प्रचंड बिटरेट खातो नाहीतर गुलालाच्या ढगात चौकोन चौकोन दिसतात. ते चौकोन फाईलमध्येच असतात हो, कुठलाही प्लेअर ते घालवणार नाही. "एचडी प्लेअर टाका, क्लिअर दिसेल" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आयफोनवाल्यांसाठी, २०१७ च्या आयओएस ११ पासून फोन हाय एफिशियन्सी सेटिंगवर एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतो. जुन्या लॅपटॉपवर बघायचं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये मोस्ट कंपॅटिबल निवडा, पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. आधीचे आपोआप बदलत नाहीत, आणि फोर-के ६० फ्रेमला तरीही एचईव्हीसीच वापरलं जातं.

३. तुमच्या चिपला काय झेपतं

डिकोडिंग दोन प्रकारे होतं. एक म्हणजे प्रोसेसर स्वतः गणितं करतो, ते सॉफ्टवेअर डिकोडिंग. दुसरं म्हणजे ग्राफिक्समध्ये या एकाच कामासाठी बसवलेला भाग असतो, तो ते काम करतो, प्रोसेसर आरामात बसतो, बॅटरी वाचते, पंखा शांत राहतो. पण त्या भागाला कुठली कोडेक येतात ते चिप बनतानाच ठरलेलं असतं, नंतर कुठल्याही डाउनलोडने ते वाढत नाही. या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी निम्मे पैसे वाचतील.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, वर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल. इंटेलमध्ये आय३, आय५ यानंतरच्या आकड्यात पिढी असते. आय३-४००५यू म्हणजे चौथी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी.

चौथी-पाचवी पिढी: एच.२६४ छान. एचईव्हीसीला पूर्ण हार्डवेअर नाही. फुल एचडी एचईव्हीसी प्रोसेसरच्या जोरावर चालून जाईल, फोर-के विसरा.

सहावी: एचईव्हीसी ८-बिट चालतं, १०-बिटला दम लागतो.

सातवी: एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरमध्ये. माझ्या मते ही लक्ष्मणरेषा. जुना लॅपटॉप घेणार असाल तर सातवीच्या खाली जाऊ नका, आणि खरं तर आठवीच बघा, कारण विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठवीपासूनचे इंटेल चालतात आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय.

अकरावी आणि पुढे: एव्ही१ सुद्धा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हिडियाची जीटीएक्स १० सिरीज एचईव्हीसी १०-बिटला पुरते, एव्ही१ साठी आरटीएक्स ३० सिरीज लागते. एएमडीमध्ये आरएक्स ६००० सिरीजपासून एव्ही१ आहे, पण त्याच सिरीजमधल्या ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्ये नाही, घेताना बघून घ्या. ॲपलमध्ये एम३ पासून एव्ही१.

यात एक मजा आहे. चौथ्या पिढीचा आय७, ज्याला लोक अजून "दणकट मशीन" म्हणून विकतात, तो फोर-के एचईव्हीसीला धापा टाकतो, आणि सेलेरॉन एन४०२० वाला साधासुधा लॅपटॉप तीच फाईल सुरळीत चालवतो, कारण सेलेरॉन बाकी सगळ्यात हळू असला तरी त्याच्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीचा डिकोडर आहे. सेकंडहँड बाजारात हे कुणी सांगत नाही. आणि रॅम? आठ जीबी असेल तर व्हिडिओ बघायला भरपूर झाली, सोळा केल्याने अडकलेला एचईव्हीसी सुटणार नाही.

४. ड्रायव्हर, सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडाप्टर्समध्ये काय लिहिलंय बघा. तिथं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर असं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाहीये. फॉरमॅट मारून आलेल्या आणि रिफर्बिश्ड म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर हे सारखं दिसतं. विंडोज चालू होतं, पडदा दिसतो, देणारा म्हणतो झालं, आणि चिपमध्ये डिकोडर असूनही तो झोपलेला राहतो.

लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचं मॉडेल टाकून ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडियाच्या स्वतःच्या साईटवरून. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची जी सॉफ्टवेअर जाहिरातीत येतात ती अजिबात नको, ती आधी घाबरवतात आणि मग पैसे मागतात.

मग परीक्षा घ्यायची. व्हिडिओ लावा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू, तिथं व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख असतो (काही एएमडी मशीनवर त्याचं नाव व्हिडिओ कोडेक असतं). आलेख वर गेला आणि सीपीयू खाली राहिला तर हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे. आलेख तळाला चिकटलेला आणि सीपीयू नव्वद टक्क्यांच्या पुढे, तर सगळा भार प्रोसेसर एकटा ओढतोय. लॅपटॉप चार्जरला लावून बघा हेही आलंच, बॅटरी सेव्हरवर प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो.

५. आता प्लेअर

घरात एकच टाकायचा असेल तर व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला, २००१ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, जाहिराती नाहीत, आणि कोडेक स्वतःच्या पोटातच घेऊन येतो, त्यामुळे वेगळं काही टाकायला लागत नाही. आईबाबांच्या मशीनवर मी दुसरं काही टाकत नाही.

डाउनलोड मात्र व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या व्हीएलसीच्या स्वतःच्या साईटवरूनच. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत ही साईट भारतात ब्लॉक होती, तेव्हा लोकांना इकडून तिकडून व्हीएलसी घ्यायची सवय लागली आणि ती काही जणांची अजून गेली नाहीये. आता साईट व्यवस्थित उघडते. सर्चमध्ये वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, ६४-बिट निवडा.

मशीन जुनं आणि हळू असेल तर एमपीसी-एचसी बघा. दिसायला पंधरा वर्षांपूर्वीचा, पण हलका आहे. मूळ टीमने २०१७ मध्ये काम थांबवलं, त्यानंतर दुसऱ्या एका डेव्हलपरने गिटहबवर तो पुढे चालू ठेवलाय, ती नवीन आवृत्ती घ्या, २०१७ ची नको. ऑप्शन्समध्ये इंटर्नल फिल्टर्स, तिथून व्हिडिओ डिकोडर सेटिंगमध्ये गेलात की हार्डवेअर ॲक्सिलरेशन निवडता येतं आणि सध्या कुठला डिकोडर चालू आहे तेही दिसतं, मला हे फार आवडतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

एमपीव्ही हा हौशी लोकांसाठी. मेनू जवळजवळ नाहीतच, सगळं कीबोर्डवर आणि सेटिंगच्या टेक्स्ट फाईलमध्ये. पण चित्र सुंदर, एचडीआर (जास्त उजेड-सावलीचे) व्हिडिओ साध्या पडद्यावर फिके पडतात ते हा बऱ्यापैकी सावरतो, आणि वर सांगितलेला २५ फ्रेमचा हिसका कमी करायची सोयही यात आहे. लक्षात ठेवा, यात हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं, व्हिडिओ चालू असताना कंट्रोल धरून एच दाबलं की चालू होतं, आणि नुसतं आय दाबलं की किती फ्रेम गळाल्या ते पडद्यावर येतं. मॅकवर हाच एमपीव्ही आयना या नावाने नीटनेटक्या रूपात मिळतो. लिनक्सवर उबुंटू टाकताना थर्ड पार्टी सॉफ्टवेअरची टिक करा म्हणजे नंतर कोडेकसाठी शोधाशोध नाही.

पॉटप्लेअर, केएमप्लेअर वगैरेही चालतात, वापरणारे खूष आहेत, पण इन्स्टॉल करताना नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट न दाबता प्रत्येक पान वाचा, नको असलेली टिक काढा.

विंडोजचा स्वतःचा मीडिया प्लेअर एचईव्हीसीसाठी स्टोअरमधून एक्स्टेन्शन घ्यायला सांगतो आणि त्याचे थोडे पैसे मागतो. फसवणूक नाहीये ती, पण व्हीएलसी असताना गरजही नाही.

६. व्हीएलसीमध्ये एवढं तपासा

कंट्रोल आणि पी दाबा, प्रेफरन्सेस उघडतील, तिथं इनपुट / कोडेक्स. हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग ऑटोमॅटिकवर ठेवा. तरी अडकलं तर डायरेक्ट३डी११ निवडून बघा, नाहीतर डीएक्सव्हीए २. प्रत्येक वेळी सेव्ह करून व्हीएलसी बंद करून परत उघडायचं, नाहीतर बदल लागू झाला की नाही कळत नाही.

उलटही होतं. जुन्या ग्राफिक्सवर हार्डवेअर चालू केल्यामुळेच हिरवा पडदा येतो, तेव्हा तेच डिसेबल करा आणि फुल एचडी फाईल प्रोसेसरवर चालवा.

व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं की कोडेकची माहिती येते, शेजारच्या स्टॅटिस्टिक्समध्ये लॉस्ट फ्रेम्सचा आकडा असतो. तो आकडा भराभर वाढतोय म्हणजे मशीनला झेपत नाहीये. तो शून्य आहे आणि तरी हिसके बसतायत, तर परत पायरी १ मधला चौथा प्रकार वाचा.

फाईल वायफायवरून, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवत असाल तर कॅशिंग (पुढचा भाग आधीच वाचून ठेवणं) वाढवल्याने फायदा होतो. डिस्कवरच्या फाईलला कॅशिंग वाढवून काही होत नाही, सगळीकडे हा सल्ला देतात आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. व्हीएलसीतल्या शेकडो सेटिंगमध्ये हात घालून बसलात आणि काही बिघडलं तर प्रेफरन्सेसमध्ये खाली रिसेटचं बटण आहे.

७. कोडेक पॅक टाकू का?

नाही. पूर्वी प्लेअर स्वतःबरोबर काही आणत नसत, डिव्हएक्स, एक्सव्हिड असं एकेक टाकावं लागायचं, त्या काळची ती सवय आहे. आजचे बहुतेक मोफत प्लेअर एफएफएमपेग नावाच्या एकाच मुक्त प्रोजेक्टवर उभे आहेत, व्हीएलसी काय आणि एमपीव्ही काय, आणि त्यात जवळपास सगळं येतं.

के-लाईट कोडेक पॅक वाईट नाहीये, तो खरा आहे आणि त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत एमपीसी-एचसीही येतो. एखादं जुनं सॉफ्टवेअर व्हिडिओसाठी विंडोजच्या डायरेक्टशो या जुन्या यंत्रणेवर अवलंबून असेल किंवा फोल्डरमध्ये व्हिडिओचे थंबनेल दिसत नसतील तर बेसिक आवृत्ती टाका. मेगा आवृत्ती नको. आणि दोन वेगवेगळे पॅक एकावर एक तर कधीच नको, मग कुठला डिकोडर कोण वापरतंय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

खरा धोका वेगळाच. एखाद्या साईटवर व्हिडिओ लावायला जाता आणि "हा व्हिडिओ बघायला कोडेक डाउनलोड करा" असं येतं. तिथून लगेच बाहेर पडा. झ्लोब नावाचा ट्रोजन (सोंग घेऊन मशीनमध्ये घुसणारं घातक सॉफ्टवेअर) कोडेक बनूनच पसरला होता, आणि ती युक्ती अजून जुनी झालेली नाही. ब्राउझरला बाहेरचं कोडेक लागतच नाही.

८. यूट्यूब अडकतंय, नेट तर फास्ट आहे

हे डाउनलोड केलेल्या फाईलपेक्षा वेगळं. व्हिडिओवर राईट क्लिक करा, स्टॅट्स फॉर नर्ड्स निवडा. कोडेक्सच्या ओळीत एव्ही०१ असेल तर एव्ही१, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्हीसी१ असेल तर एच.२६४. त्याच पट्टीत गळालेल्या फ्रेमही दिसतात.

जुन्या मशीनला यूट्यूब एव्ही१ पाठवत असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकमध्ये जाऊन एव्ही१ फक्त एसडीसाठी (कमी रिझोल्युशनसाठी) ठेवा. त्याहून जुनं असेल तर एनहान्स्ड एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबला एच.२६४ द्यायला लावतं. मग १०८०पीच्या, म्हणजे फुल एचडीच्या, वरचे पर्याय दिसणार नाहीत, कारण यूट्यूबवर त्याच्या वरचं रिझोल्युशन व्हीपी९ आणि एव्ही१ मध्येच असतं. चौदा-पंधरा इंची पडद्यावर १०८०पी भरपूर झालं. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे ना तेही बघून घ्या, कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी ते बंद केलेलं असतं.

९. चिपलाच येत नसेल तर फाईल बदला

सगळं करून झालं, ड्रायव्हर बरोबर, प्लेअर बरोबर, आणि मशीन चौथ्या पिढीचं. मग भांडत बसू नका, फाईल एच.२६४ मध्ये करून घ्या.

सगळ्यात सोपा मार्ग फोटोग्राफरला फोन. त्याचं मशीन तगडं असतं, त्याला थोड्या वेळाचं काम. त्याला असं सांगा: "दादा, फोर-केची ठेवाच, पण एक कॉपी एच.२६४, १०८०पी, ८-बिट, एमपी४ मध्ये द्या, बिटरेट पंधरा-वीस एमबीपीएस." ॲडव्हान्स देतानाच हे बोलून ठेवलं तर उत्तम, नंतर सीझनमध्ये फोन उचलत नाहीत. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून मागा, फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, म्हणून व्हिडिओचे तुकडे पडतात. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, तिथं तो पिळून निघतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून, २ जीबीपर्यंत जातो.

स्वतः करायचं असेल तर हँडब्रेक. फाईल ओढून टाका, प्रीसेटमध्ये फास्ट १०८०पी३० निवडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ आहे ना बघा, क्वालिटीचा आरएफ आकडा २० ते २२ च्या मध्ये (आकडा जितका कमी तितकी क्वालिटी आणि साईझ जास्त), आणि सुरू. आधी दोन-तीन मिनिटांचाच तुकडा करून बघा, रेंज बदलून तसं करता येतं. जुन्या लॅपटॉपवर दोन तासांचा फोर-के व्हिडिओ म्हणजे रात्रभराचं काम समजा, चार्जर लावून ठेवा, स्लीप बंद करा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. आमच्याकडे देखभालीसाठी लाईट गुरुवारी जाते, म्हणून बुधवारी रात्री असलं काम लावत नाही.

मूळ फाईल डिलीट करू नका. पाच वर्षांनी नवीन लॅपटॉप येईल तेव्हा तीच हवी असते.

आणि फाईलचं नाव हाताने एमकेव्हीचं एमपी४ केल्याने आतलं काही बदलत नाही, हेही करणारे आहेत म्हणून लिहितेय.

१०. मराठी सबटायटल

सबटायटलच्या जागी विचित्र चिन्हं दिसत असतील तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा. सबटायटलची एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडा, मराठी नीट दिसत असेल तर सेव्ह ॲज करताना यूटीएफ-८ निवडा, व्हीएलसीतही सबटायटलच्या सेटिंगमध्ये तेच ठेवा. चौकोनी डबे दिसत असतील तर फॉन्ट बदला, विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल. नोटपॅडमध्येच मराठीऐवजी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर ती फाईल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे, आधी कन्व्हर्टरने युनिकोड करायला लागेल.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर व्हीएलसीत जे आणि के दाबून आवाज मागेपुढे करता येतो, जी आणि एचने सबटायटल.

११. घरातल्या जुन्या सीडी-डीव्हीडी

यांना डिकोडिंगचा काही त्रास नसतो. व्हीसीडीमध्ये एमपेग-१, डीव्हीडीत एमपेग-२, आजचं कुठलंही मशीन डोळे मिटून चालवेल. व्हीसीडीच्या डॅट फाईली व्हीएलसीत थेट ओढून सोडा. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात तो इंटरलेसिंगचा (एकाआड एक ओळी वेगळ्या वेळी टिपण्याचा) प्रकार, जुने कॅमकॉर्डर तसंच रेकॉर्ड करायचे. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस ऑन करा आणि मोड याडिफ ठेवा, रेषा जातील. कायमच्या घालवायला कन्व्हर्ट करायची गरज नाही, उलट चुकीचं कन्व्हर्ट केलं तर त्या चित्रातच पक्क्या बसतात.

यांची घाई मात्र करा, कारण घरी राईट केलेल्या डिस्क वर्षं गेली की वाचता येईनाशा होतात आणि नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी आणा, डिस्कवरचा व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर अख्खा कॉपी करा, त्यातल्या फाईली वेगवेगळ्या करू नका. मध्येच एरर आली तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्यात बऱ्याचदा वाचली जाते.